राउटर, मधली भिंत आणि शनिवारचे काम

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी रात्री बाबा सकाळी चक्कर आल्याचे सांगत असतानाच कॉल तुटला, आणि "पण आता बरे आहे" हे पुढचे वाक्य मला दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळाले. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. दिवाळीपर्यंत मला नाशिकला येणे जमणार नाही, म्हणून एक गोष्ट तुम्हाला न विचारताच ठरवली आहे, रागावू नका. शनिवारी वायरमन येऊन ओसरीवरच्या राउटरपासून तुमच्या खोलीपर्यंत लॅन केबल टाकेल आणि तिथे दुसरा वाय-फाय पॉइंट बसवेल. पैसे देऊन झाले आहेत.

बाबा, तुमचा फोन चांगला आहे. मागच्या खेपेला मी पाहिले होते की राउटरजवळ उभे राहिले तर चित्र स्वच्छ दिसते आणि पलंगावर बसले की गोठते. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक आहे, अडते ते घरात. आपल्या पंचवटीतल्या घराची मधली भिंत दीड हात जाड, दगडमातीची, आणि तिला टेकून लोखंडी कपाट. वाय-फायच्या लहरींचे दोन पट्टे असतात. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर वेग जास्त मिळतो, पण तो सिग्नल अशा भिंतीपलीकडे फारसा पोहोचत नाही. 2.4 चा थोडा लांब जातो, मात्र त्याच पट्ट्यात सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर आणि आपला मायक्रोवेव्हही असतो. त्या पट्ट्यातले एकमेकांत न मिसळणारे चॅनल 1, 6 आणि 11 असे तिन्ही मी लावून पाहिले, पण भिंतीपुढे काही चालले नाही. रिपीटर स्वस्तात आला असता; परंतु तो हवेतूनच सिग्नल घेऊन हवेतूनच पुढे देतो, त्यामुळे बहुधा वेग निम्म्यावर येतो. म्हणूनच केबलचा खर्च केला, उधळपट्टी म्हणून नव्हे.

केबल तुळईच्या कडेने जाईल आणि देवघराच्या भिंतीला एकही भोक पडणार नाही, असे मी वायरमनला दोनदा बजावले आहे. आई, राउटरवर तू घातलेला हिरव्या काठाचा क्रोशाचा रुमाल तेवढा काढ. त्याने राउटर तापतो. तो रेडिओवर घाल. तू रात्री विणत बसायचीस आणि मी तुझ्या मांडीवर डोके ठेवून त्याच रेडिओवरची गाणी ऐकत झोपायचे, तिथेच तो शोभेल.

आता नीट ऐका. नेट गेले तर आधी दिवे पाहायचे. एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल असेल तर बिघाड बाहेरच्या फायबरचा असतो, कशालाही हात न लावता तक्रार नोंदवायची. तसे नसेल तर राउटरचे बटण बंद करून अर्धा मिनिट थांबायचे, चालू केल्यावर तीन मिनिटे वाट पाहायची. मागच्या बारीक भोकात पिन मुळीच घालायची नाही, सगळी सेटिंग पुसली जाते.

शनिवारी संध्याकाळी सातला मी कॉल करीन. बाबा, ओसरीवर येऊन उभे राहायचे नाही. पलंगावर बसून, बीपीचे यंत्र जवळ घेऊन, मंगळवारचे पहिल्यापासून सांगायचे.

तुमची,
छकुली