दिल्ली बसच्या खिडकीतून दाखवू नका

महोदय,

दिवाळी सरली की आपल्या दैनिकात उत्तर भारत सहलींच्या जाहिराती सुरू होतात. हरिद्वार, मथुरा, आग्रा आणि मधेच कुठेतरी ‘एक दिवस दिल्ली दर्शन’. त्या एका दिवसाबद्दल हे पत्र.

माझी थोरली बहीण अशाच एका सहलीतून दिल्ली पाहून आली होती. इंडिया गेटपाशी उतरून फोटो काढले, लाल किल्ला रस्त्यावरूनच दाखवला, दुपार वाहतुकीच्या कोंडीत गेली आणि संध्याकाळ शालींच्या दुकानात. चांदनी चौक राहिलाच. लाल जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा तो रस्ता सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद असतो, तिथे सहलीची बस शिरणार कशी?

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघी बहिणी आपल्या आपण गेलो. ताईचे गुडघे दुखतात, मी डिचोलीत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहे. मडगावहून दिल्लीला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीनला थांबतात आणि तिथून हुमायूनचा मकबरा रिक्षाने अगदी जवळ. ताजमहालाच्या आधी कित्येक दशके बांधलेली ही वास्तू, आणि १८५७ साली बहादूरशहा जफर पकडला गेला तोही इथेच. एवढे असून दिल्ली दर्शनाच्या जाहिरातीत तिचे नाव मला क्वचितच दिसते. आवारात शिरताच उजव्या हाताला ईसा खानचा अष्टकोनी मकबरा आहे, हुमायूनच्याही आधीचा. ताई तिथल्या पायरीवर कितीतरी वेळ बसून होती. घाई करा म्हणणारे कोणी नव्हते.

पुढची सगळी दिल्ली आम्ही मेट्रोने पाहिली. २००२ साली सुरू झालेली ही सेवा आता शहरभर पसरली आहे. प्रत्येक मार्गाला वेगळा रंग, घोषणा हिंदीतून, पुढचा डबा बायकांसाठी राखीव, आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी लिफ्ट. जांभळ्या मार्गावर लाल किल्ला, जामा मशीद आणि दिल्ली गेट ही स्थानके ओळीने येतात. पिवळ्या मार्गावर कुतुबमिनार आहे, पण स्थानकापासून मिनार बराच लांब, तिथे रिक्षाच करावी. तिथल्या लोहस्तंभावरचा चंद्र राजाचा लेख पाहायला विसरू नये. संध्याकाळी राजीव चौकात गाडी बदलणे मात्र टाळावे, गर्दीत ज्येष्ठांचे हाल होतात.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खाससमोर मी थबकले. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी या दालनाचे रुप्याचे छत काढून नाणी पाडली, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. फौजेची उपासमार, थकलेला पगार, आणि काही महिन्यांतच पानिपत. ते रिकामे दालन प्रत्यक्ष पाहिल्यावर भाऊंची ओढाताण मला जशी कळली, तशी ती इतकी वर्षे शिकवूनही कळली नव्हती. मराठी माणसाला रस्त्यावरून किल्ल्याची भिंत दाखवून परत आणणे हा मला त्याच्यावर अन्याय वाटतो.

आपणही एका जुन्या राजधानीच्या शेजारी राहतो. १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला गेला, तरी जुने गोवे अजून उभे आहे. पर्यटक तिथे दोन चर्च पाहून बसमध्ये चढतात, व्हाइसरॉयच्या कमानीपर्यंत किंवा सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यापर्यंत चालत जात नाहीत, तेव्हा आपल्याला वाईट वाटते. मग दिल्लीत आपण वेगळे काय करतो?

सहल आयोजकांना माझी विनंती आहे की दिल्लीला निदान दोन पूर्ण दिवस द्या. एक दिवस लाल किल्ला आणि चांदनी चौकासाठी, दुसरा हुमायूनचा मकबरा आणि कुतुब परिसरासाठी. दोन्ही दिवस बस बाजूला ठेवून लोकांना मेट्रोने न्या. महिला मंडळांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कार्यक्रम लेखी मागून घ्यावा, आणि लाल किल्ल्याचा दिवस सोमवारी ठेवलेला नाही ना, तेही पाहावे. सोमवारी किल्ला बंद असतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली