सागाच्या चौकटीत काच बसली, ती तुमच्यामुळे

दांडिया बाजारातल्या सुतारकाकांचे आणि फुंकणीवर काच घडवणाऱ्या कारागिरांचे मनापासून आभार. हाती केलेली ही काच एकाच तुकड्यात कुठे ४, कुठे ६ मिलिमीटर जाड भरते. म्हणून काकांनी खाच ८ मिलिमीटरची पाडली, कडांना ३ मिलिमीटर जागा मोकळी सोडली. बडोद्याच्या पावसाळ्यात साग आडवा फुगतो, काच तसूभर हलत नाही. खाच घट्ट असली की कोपऱ्यातून तडा ठरलेलाच. भट्टीतून काच घाईने काढली तर आत ताण राहतो, पुढे जरा धक्का लागला तरी फुटते. कारागिरांनी ती रात्रभर सावकाश निवू दिली! काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या खिळ्यांऐवजी पितळी स्क्रूने बसवल्यात, म्हणजे काच बदलता येईल. आणि काच आडवी न टाकता उभी, गादीच्या टेकूने आणणाऱ्या टेम्पोवाल्या दादांचेही आभार.