१७६६३१९०४९ फळ्यावर मांडावी

महोदय,

बेळगाव-खानापूर भागातील मराठी शाळांत गणिताची गोडी लावायची, तर १७६६३१९०४९ ही संख्या फळ्यावर अवश्य मांडावी. तिच्या वर्गातून १ वजा करून बाकीला ६१ ने भागल्यास नेमका २२६१५३९८० चा वर्ग मिळतो आणि १ सोडल्यास असा पूर्ण वर्ग देणारी याहून लहान नैसर्गिक संख्या नाही. भास्कराचार्यांनी ती ११५० मध्ये चक्रवाल पद्धतीने (तीच कृती पुन्हा पुन्हा करत उत्तरापर्यंत नेणाऱ्या रीतीने) काढली. फ्रेंच गणितज्ञ फर्माने हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला, तो १६५७ मध्ये. शेवटचे दोन अंक तर मुलांना पाटीवरही पडताळता येतील: ४९ चा वर्ग २४०१, ८० चा वर्ग ६४००, त्याची ६१ पट करून १ मिळवला की शेवटी ०१ च. पूर्ण वर्ग एकोणीस अंकी असल्याने साधे कॅल्क्युलेटर येथे अपुरे पडतात, हे एका अर्थी बरेच आहे.

– एक निवृत्त गणित शिक्षक, खानापूर