बाळंतपण अमेरिकेत होणार असेल तर आधी विम्याच्या मुदती पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसाधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) अमेरिकेला निघालेल्या मुलीसाठी इथून प्रवास विमा काढून दिला की दवाखान्याची काळजी मिटली, असा समज अजूनही अनेक घरांत आहे. प्रवास विम्यात गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्या आणि बाळंतपण सहसा धरलेलेच नसते. त्यासाठी तिकडचाच आरोग्य विमा लागतो आणि तो मनात येईल त्या दिवशी काढता येत नाही. खर्चाचे गणित बिघडते ते बहुधा इथेच, एखादी मुदत हुकल्यामुळे.

लग्न झाले की नोकरीच्या विम्यात पत्नीचे नाव घालायला साधारण ३० दिवस मिळतात. आपल्याकडे मुलगा लग्न करून परत जातो आणि मुलीचा व्हिसा काही महिन्यांनी होतो. ती पोहोचते तेव्हा ही मुदत उलटून गेलेली असते. जोडीदाराचे अमेरिकेत येणे हे काही कंपन्या नाव घालण्याचे नवे कारण मानतात, काही मानत नाहीत. म्हणून मुलाने लग्नाआधीच एचआरला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे. उत्तर नकारार्थी असेल तर त्या ३० दिवसांतच, ती भारतात असली तरी, नाव घालता येते का ते विचारावे. दोन-चार महिन्यांचा हप्ता फुकट गेला तरी पुढच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे.

कर्मचाऱ्याच्या पत्नीला विमा देण्याची सक्ती तिथल्या कायद्याने कंपनीवर नाही. कंपनीने तो दिला नाही तर सरकारी मार्केटप्लेसमधून, म्हणजे विमा पॉलिसी विकत घेण्याच्या सरकारी संकेतस्थळावरून, पॉलिसी घ्यावी. एच-१बी आणि एच-४ दोघेही त्यासाठी पात्र आहेत. अमेरिकेत राहायला आल्यापासून त्यासाठी ६० दिवस मिळतात. ते गेले की नोव्हेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते. गरोदर राहिली एवढ्या कारणाने केंद्राच्या मार्केटप्लेसवर मधेच दार उघडत नाही. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत उघडते. या पॉलिसींमध्ये बाळंतपण आणि नवजात बाळाचे उपचार असावेच लागतात. आधीच गरोदर आहे म्हणून २०१४ पासून कोणाला नाकारता येत नाही, आणि आपल्याकडच्यासारखा वेटिंग पीरियडही नसतो.

छोट्या कन्सल्टन्सी कंपन्यांमार्फत जाणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. त्यांतल्या काहींच्या स्वस्त विम्यात फक्त लसी आणि प्रतिबंधक तपासण्या असतात, दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च नसतो. हे ओळखण्यासाठी ‘समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज’ हे काही पानांचे पत्रक मागावे. ते देणे बंधनकारक आहे. त्यात शेवटी दोन प्रश्न असतात: ‘मिनिमम इसेन्शियल कव्हरेज’ (कायद्याला चालणारा किमान विमा) आहे का, आणि ‘मिनिमम व्हॅल्यू’ची (खर्चाचा ठरावीक किमान वाटा उचलण्याची) अट पूर्ण होते का. पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असेल तर त्या विम्यावर बाळंतपण सोडू नये. त्याच पत्रकात पेग नावाच्या काल्पनिक बाईच्या बाळंतपणाचा नमुना हिशेब असतो आणि तिला खिशातून किती भरावे लागेल ते डॉलरमध्ये लिहिलेले असते. पाठवणाऱ्या कंपन्यांनी हे पत्रक ऑफर लेटरसोबतच द्यायला हवे. मागितल्याशिवाय ते हाती पडत नाही, ही गोष्ट चीड आणणारी आहे.

रकमेचा अंदाज यावा म्हणून: पीटरसन-केएफएफ या आरोग्यखर्चाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाच्या २०२२ मधील विश्लेषणात मोठ्या कंपन्यांच्या विम्यावर गरोदरपण, बाळंतपण आणि नंतरची देखभाल मिळून सरासरी खर्च १८,८६५ डॉलर होता, त्यातले २,८५४ डॉलर कुटुंबाने भरले. सिझेरियनचा एकूण आकडा २६,२८० डॉलर होता. वर्षभरात स्वतः भरायच्या रकमेवर कायद्याची कमाल मर्यादा असते. २०२५ साठी ती एका व्यक्तीला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती. ती फक्त नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-दवाखान्यांकडच्या, उपचारांना लागू पडते. शिवाय बहुतेक पॉलिसींचे डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होते, त्यामुळे जुलैत दिवस गेले आणि बाळंतपण एप्रिलमध्ये झाले तर ते दोनदा भरायची वेळ येऊ शकते.

डॉक्टर तपासण्या, प्रसूती आणि नंतरची भेट यांचे बहुधा एकच पॅकेज लावतात. सोनोग्राफी, लॅब, भूल आणि हॉस्पिटल यांची बिले वेगळी येतात. हॉस्पिटल नेटवर्कमधले आणि भूलतज्ज्ञ बाहेरचा, असे झाले तर १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या ‘नो सरप्रायझेस’ कायद्यामुळे त्याला जादा फरक मागता येत नाही. असे बिल आले तर भरण्याआधी विमा कंपनीला फोन करावा.

बाळाचे बिल त्याच्या स्वतःच्या नावाने येते. नोकरीच्या विम्यात त्याचे नाव घालायला जन्मापासून किमान ३० दिवस मिळतात. तेवढ्यात घातले तर संरक्षण जन्मदिवसापासूनच धरले जाते. अनेकजण बाळाचे सोशल सिक्युरिटी कार्ड येईपर्यंत थांबतात आणि तिथेच फसतात. नंबर नसतानाही नाव घालता येते, तो मागाहून कळवावा. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर या एका अर्जावर सगळा हिशेब अवलंबून असतो.

गरोदरपणात नोकरी गेली तर २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत ‘कोब्रा’ या कायद्याखाली तोच विमा चालू ठेवता येतो. निर्णयाला ६० दिवस मिळतात. हप्ता मात्र कंपनीच्या वाट्यासह, १०२ टक्क्यांपर्यंत, स्वतः भरावा लागतो. तो महाग वाटला तरी सातव्या-आठव्या महिन्यात विमा तुटू देऊ नये.

ज्यांच्याकडे विमा नाहीच, त्यांनी हॉस्पिटलकडून खर्चाचा लेखी ‘गुड फेथ एस्टिमेट’ घ्यावा. प्रत्यक्ष बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक जास्त आले तर १२० दिवसांत त्यावर दाद मागता येते. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीची योजना ठेवावीच लागते आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस तिचा अर्ज घ्यावा लागतो. तो अर्ज आधी करावा. क्रेडिट कार्डावर बिल चुकते करण्याची घाई करू नये.

आपला,
एक वाचक