बाकडी काढून काय साधलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये नागपूरच्या बेसा भागातल्या एका ज्येष्ठ नागरिकांचं पत्र आलं होतं. आमच्या ले-आउटमधल्या बगिच्यात संध्याकाळी जोडपी बसतात, त्यातली काही तर 'बसायचं वय उलटून गेलेली' असतात, सुनांसोबत चक्कर मारायला लाज वाटते, सबब बाकडी काढावीत, अशी त्यांची मागणी होती. पत्र छापून आलं आणि पंधरा दिवसांत बाकडी गेली. चारच होती. वरच्या फळ्या काढून नेल्या, सिमेंटचे पाय तेवढे जमिनीत राहिले.

बसायचं वय उलटून गेलेली ती मी. वय ४३. माझ्यासोबत होते त्यांचं ५०. पत्रात आमचा उल्लेख आलाच आहे, तर उरलेली हकीकत माझ्याकडूनच घ्या.

गंजीपेठेत ठोक औषधांच्या एका दुकानात मी हिशेब पाहते. २०१७ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगा पुण्यात शिकतो. त्याची फी आणि राहण्याचा खर्च यांचं गणित बसवायचं म्हणून शहरातलं घर सोडून इकडे फ्लॅट स्कीममध्ये आले. इकडे शांतता आहे, यात वाद नाही. रात्री साडेनऊनंतर आमच्या रस्त्यावर कुत्री आणि जेवणाची पार्सलं पोचवणारी पोरं, एवढीच वर्दळ. फ्लॅट दाखवताना बिल्डरच्या माणसाने 'शांत परिसर' हे तीनदा म्हटलं होतं. तेव्हा मला ते फारच आवडलं होतं.

दुसरं लग्न मला करायचं नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता छापून कार्ड करावं असं वाटतं. मावशीने तरी हट्टाने एका परिचय मेळाव्यात माझं नाव घातलं. फॉर्ममध्ये रकाने होते: गोत्र, पगार, अपत्य कोणाकडे, अपेक्षा. अपेक्षेच्या रकान्यात मी लिहिलं, 'महिन्यातून दोनदा सोबत चहा'. फॉर्म घेणाऱ्या ताईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असं नसते लिहत जी." त्यांचंही बरोबर. मेळाव्याला हवी ती माणसं वेगळी आणि मला हवं ते वेगळं.

मला हवं त्याला मराठीत धड शब्द नाही, ही एक पंचाईत. लफडं, भानगड, चक्कर, प्रकरण, सगळे शब्द पोलीस ठाण्यातून आल्यासारखे. 'डेट' म्हणावं तर माझ्या डोळ्यांपुढे औषधाच्या पाकिटावरची एक्सपायरी येते, धंद्याचा दोष. मी 'ओळख वाढवणं' म्हणते. संध्याकाळी कोणाबरोबर तरी दोन तास बसावं, दिवसभरात काय झालं ते सांगावं, त्याचं ऐकावं, पटलं तर पुन्हा भेटावं, नाही पटलं तर रामराम. पुढे काही झालंच तर ते दोघांच्या मर्जीचं.

आता अशी ओळख बेशाला राहून होते कशी, ते सांगते. फोनवरच्या अ‍ॅपवरून होते, दुसरा रस्ता नाही. ऑफिसात सगळे लग्न झालेले, स्कीममध्ये सगळे कुणाचे ना कुणाचे काका. टिंडर या अ‍ॅपवर किती लांबपर्यंतची माणसं दाखवायची याची, म्हणजे अंतराची, पट्टी असते. ती मी पाच किलोमीटरवर ठेवली तेव्हा पहिलाच चेहरा आला तो आम्ही जिथून दही आणतो त्या डेअरीच्या मालकाचा, वय २९ लिहिलेलं. गेली सहा वर्षं तो मला काकू म्हणतो. मी घाईघाईने पट्टी वाढवली. ती १६० किलोमीटरपर्यंत जाते. नागपुरात बसून एवढी ओढली की वर्धा, भंडारा, अमरावती तर येतातच, पण सीमा ओलांडून छिंदवाडाही येतो. पांढुर्ण्याचे एक गृहस्थ जुळले होते, संत्र्याची बाग होती, बोलायला चांगले. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. दंतकथा अशी की पांढुर्ण्याचा मुलगा पलीकडच्या काठावरच्या सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर दगड टाकले. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे अजून नुसत्या नजराच टाकतात, तुमच्याकडे यायची माझी हिंमत नाही. ते हसले. पण नव्वदेक किलोमीटर चहासाठी कोण येतं? ते बोलणं फोनवरच संपलं.

ज्यांच्याबरोबर मी त्या बाकड्यावर बसले होते ते गोधनीकडे राहतात, म्हणजे शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात, स्टोअर सांभाळतात. पत्नीला जाऊन चार वर्षं झालेली. भेटण्याआधी आम्ही दोनदा व्हिडिओ कॉल केला, कारण फोटो पाच वर्षांपूर्वीचे लावण्याची पुरुषांना फार सवय आहे (आम्हालाही आहे, माझा तीन वर्षांपूर्वीचा होता). पहिली भेट मी नेहमी दिवसाउजेडी आणि मेट्रो स्टेशनच्या जवळ ठेवते. जाताना स्वतःची गाडी, बिल अर्धं अर्धं, आणि माझ्या मैत्रिणीच्या फोनवर माझं लोकेशन दोन तास चालू. ले-आउटचं नाव तिसऱ्या भेटीपर्यंत सांगत नाही. आणि पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून टाकते की लग्नाचं आश्वासन मी देत नाही आणि घेतही नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आहे. पाळायचाच नाही असा लग्नाचा शब्द देऊन बाईशी संबंध ठेवले तर पुरुषाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे मी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही भेटायला आल्या की बयाण घ्यायला?" तिथेच आमचं जमलं.

पण जमलेल्या माणसांनी बसायचं कुठे?

ज्येष्ठ वाचकांना वाटतं, बगिचा सोडून सगळीकडे जागा आहे. त्यांनी एकदा माझ्यासोबत हिंडून पाहावं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, संध्याकाळी सातच्या आत बाहेर बसणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. सात वाजता मी ऑफिसातून निघते. कॅफेत जावं तर एका कॉफीला अडीचशे रुपये आणि शेजारच्या टेबलावर भाच्याचे मित्र. कॉलेजच्या भागात पडदे लावलेल्या केबिनचे कॅफे असतात, तिथेही चुकून एकदा गेलो. पोऱ्या धावत आला, "काकू, फॅमिली वरच्या मजल्यावर बसते." आम्ही मुकाट्याने वर गेलो. वर एका बाळाचा पहिला वाढदिवस चालू होता. आम्हालाही केक मिळाला.

घरी बोलवावं म्हटलं तर गेटवर चौकीदार रजिस्टर पुढे करतो. नाव, गाडी नंबर, कोणाकडे, काम काय. 'काम काय' या रकान्यात त्यांनी 'भेट' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा टँकर आला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू बादली बाजूला ठेवून मला म्हणाल्या, "काल पावणे आलते का जी? नाही, गाडी एमएच ४० ची दिसली म्हणून." नागपूर ग्रामीणची गाडी आहे इथपर्यंत त्यांनी शोधलं होतं. मारबतीच्या, म्हणजे वाईटाच्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत दरवर्षी लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत. मी यंदा गर्दीत उभं राहून मनातल्या मनात म्हटलं, आमच्या स्कीमचं रजिस्टर घेऊन जा गे मारबत.

राहिला तलावाचा काठ. तिथे एकदा गस्तीवरच्या बाई आल्या आणि लग्न झालंय का म्हणून विचारलं. दोघांमध्ये मक्याच्या कणसांची पिशवी होती, एवढं अंतर. मी म्हटलं, झालं होतं, दोघांचंही, वेगवेगळं. त्यांनाही हसू आलं, पण "उठा, इथं थांबू नका" हे म्हटलंच. घरी आल्यावर मी कारकुनी सवयीने वाचत बसले. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दल आहे. कणीस खाणं त्यात कुठे बसतं ते मला सापडलं नाही. २०१० साली अभिनेत्री खुशबू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं की लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी हॉटेलची खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा नाही. हे सगळं खरं, पण हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा आधार कार्डावरची दोन आडनावं वाचून मान हलवतो, तेव्हा त्याच्यापुढे मद्रासचा निकाल वाचायचा का? आणि मला खोली नकोच होती. मला बसायला जागा हवी होती.

ती त्या बगिच्यात होती. कडुनिंबाखालचं दुसरं बाकडं, दिव्याच्या खांबापासून दहा पावलांवर. समोर मुलं सायकली चालवत, मागे बाया चक्कर मारत. मी तिथे गेले ते लपायला नाही, सगळ्यांना दिसावं म्हणूनच. अनोळखी माणसाला भेटताना बाईला उजेड लागतो आणि चार माणसं लागतात. तिथे दोन्ही फुकट होतं. रविवारी सात ते साडेआठ आम्ही बसायचो, तो खायला आलुपोंगे घेऊन यायचा. (आतापर्यंत पत्रात 'ते' लिहिलं, बोलताना 'तो'च म्हणायचे.) असे सहा रविवार. त्याला किशोरकुमार आवडत नाही हे मला चौथ्या रविवारी कळलं, तेव्हा थोडा खटका उडाला. कोणी कोणाचा हातही धरला नव्हता, हे मी खुलासा म्हणून लिहीत नाही, धरला असता तरी हेच पत्र लिहिलं असतं.

मग बाकडी गेली. त्यानंतरची भेट त्याने आउटर रिंग रोडच्या एका ढाब्यावर ठरवली, कारण आणखी कुठे जाणार? तिथून रात्री मी एकटी स्कूटर चालवत परत आले, मध्ये तीनेक किलोमीटर एकही दिवा नव्हता, आणि एक मोटारसायकल बराच वेळ मागे होती. घरी पोचल्यावर मैत्रिणीने फोन करून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर आमच्या भेटी विरत गेल्या. रुसवाफुगवा नाही. दिवाळीला मेसेज आला, मीही पाठवला. एवढंच व्हायचं असतं अशा ओळखीचं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण ते विरलं तर आमच्या कंटाळ्याने विरायला हवं होतं, जागा नाही म्हणून नव्हे.

ज्येष्ठ वाचकांना माझ्याकडून एक बातमी. सकाळी सहा ते आठ त्याच बाकड्यांवर पेन्शनर मंडळींचा कट्टा भरायचा. तेही आता बेघर झाले आहेत. पानठेल्यासमोरच्या नालीच्या कडेला रांगेने उभे असतात, गुडघे धरून. त्यातल्या एकांनी मला, हो, मलाच, विचारलं, "मॅडम, तुम्ही लिहिता-वाचता, एक अर्ज टाका न." त्यांना माहीत नव्हतं बाकडी कोणामुळे गेली.

अर्ज मी टाकला आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. चारही बाकडी परत लावा, पायवाटेकडे तोंड करून. बगिच्यातले दोन बंद दिवे सुरू करा आणि फाटक रात्री दहापर्यंत उघडं ठेवा, कारण काम करणारी माणसं सातनंतरच घरी येतात. आणि जयप्रकाश नगर मेट्रो स्टेशनपासून बेशापर्यंत संध्याकाळी लहान बस चालवा, म्हणजे ज्यांना शहरात जाऊन बसायचं ते शहरात जातील आणि आमच्या ले-आउटला आमचं ओझं होणार नाही. मेट्रो २०१९ पासून धावते आहे, पण स्टेशनावर उतरल्यावर पुढच्या प्रवासाला ऑटोवाला रात्री दीडशे मागतो.

अर्ज घेणाऱ्या कारकुनाने विषय वाचला, 'बगिच्यातील बाकडी पूर्ववत लावणेबाबत', आणि विचारलं, "काहून, तुम्हाला बसायचं आहे का?" मी म्हटलं, हो. पोचपावती माझ्याजवळ आहे. कार्यालयाने किंवा त्या ज्येष्ठ वाचकांनी मागितल्यास आपल्यामार्फत प्रत पाठवीन.

कळावे,
आपली एक वाचक,
बेसा, नागपूर

(नाव आणि पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. खालच्या काकू आपलाच पेपर घेतात.)