सर, 'दर' आता आकडाच राहतो

आदरणीय सर,

जाहीर पत्र लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही विषयच बदलता.

मी बनवलेल्या छोट्या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर (त्या भाषेतला प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम) तुमच्याकडे आणला तेव्हा त्याला फक्त आकडे कळायचे. काकांच्या पॉवरलूमवरच्या कामगारांची मजुरी काढायला तेवढं पुरत होतं: मीटर गुणिले दर. मग कामगारांची नावंही साठवायची ठरली, भाषेत मजकूर आला, आणि प्रश्न पडला की उद्या कुणी 'दर'मध्ये 'चादर' भरलं तर?

व्हेरिएबलला ('दर'सारख्या, किंमत साठवणाऱ्या नावाला) प्रकार हवा, म्हणजे त्यात आकडा की मजकूर हे ठरलेलं हवं, हे उघड होतं. तो तपासायचा कधी, इथे गाडी अडली. चालवतानाच तपासणं सोपं. तुम्ही जुळे सोलापुरातल्या घरी वहीचं पान फाडून छोटासा प्रोग्राम लिहिलात. त्यातली चुकीची ओळ 'जर मीटर > 500'च्या आत होती. ''एवढं कापड विणलंच नाही, तर ही चूक कधी सापडणार?'' बस्स, एवढंच विचारलंत.

म्हणून आता पार्सरने (प्रोग्रामचा मजकूर वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाने) त्या रचनेचं फांद्याफांद्यांचं झाड बांधलं की प्रोग्राम सुरू होण्याआधी एक वेगळी फेरी होते. ती 'जर'च्या आतही शिरते आणि खालून वर प्रकार काढत येते: पूर्णांक गुणिले दशांश म्हणजे दशांश, आकडा गुणिले मजकूर म्हणजे चूक. व्हेरिएबलच्या तक्त्यात नावापुढे प्रकार एकदा लागला की हलत नाही. पूर्णांक दशांशात आपोआप जातो. उलट जाताना पैसे गळतात, तिथे स्पष्ट लिहावं लागतं.

7 भागिले 2वरून तर चहा गार होईपर्यंत वाद झाला. सी या प्रोग्रामिंग भाषेत दोन्ही पूर्णांक असले की उत्तर 3. मजुरीत अर्धा रुपया कोण सोडणार? तुम्ही वर्षानुवर्षं पास्कल ही भाषा शिकवलेले. तिथे '/' दशांशच देतो आणि पूर्णांक भागाकाराला 'डिव्ह' वेगळा, तसंच आपणही ठेवलं. फोर्ट्रान या जुन्या भाषेत आयपासून एनपर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारी नावं न सांगताच पूर्णांक धरतात, हेही तुम्हीच सांगितलंत. (ते मला अजिबात पटलेलं नाही.)

परवा काकांच्या स्क्रीनवर आलं: 'ओळ 4: दर दशांश आहे, त्यात मजकूर ठेवता येणार नाही.' काकांनी मला फोन न करता ओळ दुरुस्त केली. सर, याबद्दल मनापासून आभार.

आता यादी आणायची आहे. सगळे घटक एकाच प्रकारचे असावेत, हे तुमचं म्हणणं मला अजून मान्य नाही. रविवारी वही घेऊन येतो.

तुमचा विद्यार्थी