हळद चालेल, पण लोह काढणारी गोळी थांबवू नका

महोदय,

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यातून अंगात लोह साठते. हळद, गव्हांकुराचा रस आणि हिरवा चहा घेतला की हे लोह उतरते, असे संदेश पालकांमध्ये फिरतात आणि त्यावर विसंबून काही घरांत लोह काढणारे चालू औषध बंद होते. म्हणून हे पत्र.

रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात येते. बाहेर पडते दिवसाला जेमतेम 1-2 मिलिग्रॅम. ट्रान्सफेरिन हे लोहवाहक प्रथिन भरून गेले की मोकळे लोह यकृत, हृदय आणि अंतःस्रावी (संप्रेरके बनवणाऱ्या) ग्रंथींत शिरते आणि तिथे पेशींना इजा करणारे मुक्त कण तयार करते. हळदीतले करक्युमिन, चहातली कॅटेचिने हे कण शमवतात, थोडे लोह बांधूनही ठेवतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे यकृत त्यामुळे बचावलेले दिसते, हे खरेच आहे. पण अशा बऱ्याच प्रयोगांत अर्क लोहाच्या इंजेक्शनच्या आधी किंवा सोबतच दिलेला असतो. वर्षानुवर्षे साठलेले लोह उपसून काढणे हे निराळे काम आहे.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. उंदराला किलोमागे 200 मिलिग्रॅम करक्युमिन म्हणजे, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने (नुसत्या वजनाच्या नव्हे), 60 किलोच्या माणसाला रोज सुमारे 2 ग्रॅम. हळदीत ते साधारण 3 टक्के, म्हणजे रोज 60 ग्रॅमहून जास्त हळद! त्यातलेही रक्तात फार थोडे पोचते. ते वाढवायला कॅप्सूलमध्ये मिरीतले पायपरीन घालतात, पण त्याने इतर औषधांचे रक्तातले प्रमाण बदलू शकते. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आधीच लोहाने भरलेल्या यकृताला हा भार कशाला?

गव्हांकुराबद्दल चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेचा 2004 चा छोटा अभ्यास पुढे केला जातो. त्यात निम्म्या मुलांना रक्त कमी लागले, पण नंतरच्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही.

चहाचा उपयोग आहे, पण तो आतड्यात. नियमित रक्त न लागणाऱ्या थॅलेसेमिया इंटरमीडिया या सौम्य प्रकारात आतडेच जादा लोह शोषते, तिथे जेवणासोबतचा कोरा चहा ते शोषण कमी करतो. शिरेतून येणाऱ्या लोहापुढे त्याचे काही चालत नाही.

सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. 'रक्त कमी आहे' म्हणून या मुलांना मंडूर किंवा लोहभस्म असलेली औषधे दिली जातात, म्हणजे लोहात आणखी लोह. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही मनाने देऊ नयेत. त्याने साठ्यातले लोह मोकळे होऊन हृदयाला धोका होऊ शकतो.

साधारण 10 ते 20 वेळा रक्त दिल्यावर किंवा फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारे रक्तातले प्रथिन) 1000 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेल्यावर लोह काढणारे औषध सुरू होते. त्यातल्या डेफेरासिरॉक्स या औषधाची पाण्यात विरघळवायची गोळी सहसा किलोमागे 20 मिलिग्रॅमने सुरू करतात. 20 किलोच्या मुलाला 400 मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी. दरमहा मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासावे. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले तर डॉक्टरांना विचारून हे औषध काही दिवस थांबवावे. डेफेरिप्रोन हे लोह काढणारे दुसरे औषध चालू असताना ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजाव्यात.

फेरिटिन तापात वाढते आणि ताप गेल्यावर आपोआप उतरते. ती उतरण रसामुळे समजू नये. दर तीन महिन्यांचे आकडे एकत्र पाहावेत आणि हृदयातले लोह एमआरआयच्या टी-टू-स्टार तपासणीत मोजावे. 20 मिलिसेकंदांखालचा आकडा म्हणजे हृदयात लोह साठले आहे. काढा-कॅप्सूल चालू असेल तर त्याची बाटली पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी.

— रक्तविकार उपचारातील डॉक्टर व आहारतज्ज्ञ, पुणे